बिल कुठल्या टेबलावर आहे?

सरकारी कामाची निविदा आता पूर्ण ऑनलाइन झाली आहे. शिरपूरचा ठेकेदार घरी बसून नवापूरच्या कामाला दर भरतो, अनामत बँकेतून भरतो, आणि निविदा उघडली की कोण किती टक्के खाली गेलं ते त्याला मोबाईलवर दिसतं. हे आपल्या डोळ्यांदेखत झालं आणि चांगलं झालं. पण काम संपवून तोच माणूस पैसे मागायला जातो तेव्हा त्याला फाईलमागे पळावं लागतं. बिल शाखा अभियंत्याकडे आहे, उपविभागात आहे, लेखा शाखेत आहे की साहेबांच्या सहीला गेलं आहे, हे त्याला शिपायाला विचारून कळतं. काम देताना आपण जी उघड पद्धत आणली, ती पैसे देताना का आणत नाही?

‘बिल अडकलं’ असं आपण म्हणतो त्यात दोन निरनिराळे उशीर मिसळलेले असतात. एक उशीर मापं, तपासणी आणि सह्या यांचा. दुसरा खात्यात पैसेच नसल्याचा. ठेकेदाराला एकदा सांगतात निधी नाही, आणि निधी आल्यावर सांगतात मापं व्हायची आहेत. दोन्ही खरं असू शकतं आणि दोन्ही खोटंही, पण त्याच्या हातात पडताळून पाहायला काही नसतं. माझं म्हणणं असं आहे की मापाची नोंद कामाच्या जागेवर, त्याच दिवशी, संगणकात व्हावी आणि तिथून पुढे बिलाचा प्रत्येक मुक्काम तारखेसह सगळ्यांना दिसावा. मग या दोन उशिरांची फारकत होईल आणि ज्याचा उशीर त्याला जाब विचारता येईल. बिलं लवकर निघायला लागतील ती या जाब विचारण्यामुळे. नुसत्या संगणकाने ती निघणार नाहीत.

मी धुळ्यात लहान ठेकेदारांचे हिशेब पाहतो, त्यामुळे उशिराची किंमत मला वहीत दिसते. धरा, २० लाखांचं बिल आहे. सिमेंट-लोखंडाचा दुकानदार महिना-दोन महिने उधारी चालवतो, मग पुढचा माल थांबवतो. मजुराला आठवडे बाजाराच्या दिवशी रोख लागते. डंपर आणि जेसीबीचं भाडं थांबत नाही. मग ठेकेदार बाहेरून महिना २ टक्क्यांनी पैसे उचलतो, किंवा बायकोचं सोनं गहाण ठेवतो. २० लाखांवर महिन्याला ४० हजार. कामात १० टक्के सुटतील असा अंदाज होता, म्हणजे २ लाख. पाच महिने बिल थांबलं की ते २ लाख व्याजात जातात आणि सहाव्या महिन्यापासून तो पदरचे घालायला लागतो. पुढच्या कामात तो हे भरून कुठून काढणार? दर वाढवला तर काम मिळत नाही. मग डांबर कमी पडतं, सळई एक नंबर खाली येते, मुरमाचा थर पातळ होतो. रस्ता पहिल्या पावसात उखडला की आपण ठेकेदाराला शिव्या देतो. त्यातल्या काही त्याच्या वाट्याच्या असतात, सगळ्या नसतात.

आणि हा ठेकेदार असतो कोण? लहान कामांचं वाटप आपल्या राज्यात ठरवून दिलेलं आहे. एक वाटा सुशिक्षित बेरोजगार अभियंत्यांना, एक मजूर सहकारी संस्थांना आणि राहिलेला खुल्या स्पर्धेतून. म्हणजे ज्यांच्यामागे भांडवल नाही त्यांना उभं करायचं म्हणून सरकारनेच ही वाट काढली. आणि त्याच लोकांनी सरकारी कामात सहा-सहा महिने स्वतःचे पैसे अडकवून ठेवावेत, अशी अपेक्षाही सरकारच करतं. असा नवा पदवीधर दोन कामं करतो, तिसऱ्याच्या आधी आपलं रजिस्ट्रेशन दुसऱ्याला वापरायला देऊन मोकळा होतो. कागदावर काम त्याचं, प्रत्यक्षात करणारा कोणी मोठा. योजनेचा हेतू तिथेच संपला.

खान्देशात पैशाचं वर्ष आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, फिरतं. सालदाराचं साल संपतं, लेकी माहेरी येतात, मजूर मुकादमाकडे हिशेब मागतात. त्या दिवसांत मुकादम ठेकेदाराच्या ओट्यावर येऊन बसतो आणि विचारतो, “भाऊ, बिल कव्हय निंघी?” ठेकेदाराला उत्तर देता येत नाही. त्याचं बिल ३१ मार्चच्या रात्री कोषागारात पोहोचलं की राहिलं, हे त्याला आठ-पंधरा दिवस नक्की कळलेलंच नसतं. राहिलं असेल तर नव्या वर्षाची तरतूद वाटप होईपर्यंत थांबणं आलं. मजुराला हे वाटप-बिटप काही कळण्याचं कारण नाही. त्याला एवढंच दिसतं की पूल उभा राहिला, त्यावरून एसटी जाते, आणि त्याचे पैसे राहिले.

आता मापाकडे येतो, कारण सगळं तिथून सुरू होतं. मोजमाप पुस्तिका, म्हणजे बोलण्यात ‘एमबी’, हा सरकारी बांधकामाचा मूळ दस्तऐवज. तपशील, नग, लांबी, रुंदी, उंची किंवा खोली, परिमाण, असे रकाने. पानांवर छापील क्रमांक. लिहायचं ते शाईने, खाडाखोड करायची नाही, चूक झाली तर आडवी रेघ मारून बाजूला सही करायची, पान फाडायचं नाही. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे माप जागेवर घेतल्याबरोबर तिथेच पुस्तिकेत उतरवायचं. हा नियम जुना आहे आणि अतिशय शहाणपणाचा आहे. ज्यांनी तो केला त्यांना ठाऊक होतं की माप आणि नोंद यांच्यात दिवस गेले की त्या फटीत वाद शिरतो आणि लबाडीही शिरते.

प्रत्यक्षात काय होतं हे बांधकामाशी संबंध आलेल्या कोणालाही माहीत आहे. शाखा अभियंत्याकडे तालुक्याच्या चार कोपऱ्यांत कामं असतात. माप टेपने घेतलं जातं, चिठ्ठीवर किंवा डायरीत टिपलं जातं, आणि एमबी महिन्याने कार्यालयात बसून लिहिली जाते. कित्येकदा ती लिहायला ठेकेदाराचाच माणूस बसतो. एखाद्या नाल्यावरच्या मोरीचं काम घ्या. पायाची खोदाई झाली, खाली साधं काँक्रीट पडलं, त्यावर पाया चढला. खोदाई किती खोल होती हे आता कोणालाच दिसत नाही. अभियंता त्या दिवशी जिल्ह्याच्या बैठकीला होता. ठेकेदार म्हणतो दीड मीटर, कारण काळी माती लागली म्हणून खाली जावं लागलं. अंदाजपत्रकात आहे एक मीटर. खरं काय ते मातीखाली गेलं. मग महिनाभर पत्रापत्री, नंतर तडजोड. तडजोडीत ठेकेदाराचं नुकसान होतं किंवा सरकारचं, आणि कोणाचं झालं हे शेवटपर्यंत कळत नाही.

तो खड्डा उघडा असताना तारीख, वेळ, ठिकाण यांसह फोटो आणि माप फोनमध्ये चढलं असतं, ठेकेदाराने तिथल्या तिथे ‘मान्य’ दाबलं असतं, तर वादाला जागाच उरली नसती. डिजिटल मोजमाप पुस्तिकेचं काम एवढंच. जुना नियम होता तो तिने पाळला जाईल असा करावा. पण पुष्कळ ठिकाणी डिजिटल म्हणजे काय झालं आहे? एमबी आधी हाताने लिहायची, मग तिची पानं स्कॅन करून चढवायची, मग बिलाची छापील प्रत काढून वर पुन्हा सह्या घ्यायच्या. अभियंत्याचं काम दुप्पट झालं आणि बिल होतं त्याच जागी राहिलं. यापेक्षा जुनी पद्धत बरी होती, असं कर्मचारी म्हणतात तेव्हा त्यांचं काही चुकत नाही. डिजिटल नोंद आली की कागदाची नोंद त्याच आदेशाने बंद झाली पाहिजे.

फोटो म्हणजे माप नाही, हेही बजावून सांगायला हवं. रस्त्याच्या थराची जाडी फोटोत दिसत नाही, ती कोअर, म्हणजे रस्त्यातून कापून काढलेला नमुना, घेऊनच पाहावी लागते. काँक्रीटची ताकद क्यूब, म्हणजे नमुन्याचा ठोकळा, दाबून फोडल्यावर कळते आणि त्याला २८ दिवस लागतात ते लागतातच. हा वेळ वाचवण्याच्या मागे कोणी लागू नये. वाचवायचा आहे तो २९व्या दिवसानंतरचा वेळ, जेव्हा तंत्रनिकेतनातून आलेला अहवाल कोणाच्या तरी कपाटात पडून राहतो.

त्रुटींचा प्रकार तर वेगळाच आहे. बिल लेखा शाखेत गेलं की परत येतं, साहित्य चाचणीचा अहवाल नाही. तो जोडून पाठवलं की आठ दिवसांनी परत येतं, खडी-मुरमाच्या रॉयल्टीच्या पावत्या नाहीत. त्या जोडल्या की पुन्हा परत, विम्याची मुदत संपली. तीनही गोष्टी पहिल्याच दिवशी फाईल उघडल्यावर दिसत होत्या. प्रत्येक मागणी नियमाला धरून आहे, मी एकाही मागणीच्या विरोधात नाही. पण त्या एकामागून एक का काढायच्या? संगणकात हे रोखणं फार सोपं आहे. बिल दाखल करतानाच कोणकोणते कागद हवेत याची यादी समोर यावी, अपुरं बिल दाखलच होऊ नये, आणि दाखल झाल्यावर त्रुटी काढायची संधी एकदाच मिळावी. दुसऱ्यांदा त्रुटी काढायची तर वरिष्ठाची लेखी परवानगी लागावी.

हे काही स्वप्न रंगवणं नाही. केंद्रीय अर्थ मंत्रालयाच्या व्यय विभागाने २९ ऑक्टोबर २०२१ रोजी खरेदी आणि प्रकल्प व्यवस्थापनाबद्दल सूचना काढल्या. त्यात म्हटलं आहे की चालू बिल, म्हणजे काम सुरू असताना टप्प्याटप्प्याने दिलं जाणारं बिल, दाखल झाल्यापासून कामकाजाच्या १० दिवसांत देय रकमेच्या किमान ७५ टक्के रक्कम तात्पुरती देऊन टाकावी आणि उरलेली सगळी तपासणी आटोपून २८ दिवसांत द्यावी, तेही कामकाजाचेच दिवस. इलेक्ट्रॉनिक मोजमाप पुस्तिका वापरण्याबद्दलही त्याच सूचनांत आहे. मला यातला ७५ टक्क्यांचा विचार फार मोलाचा वाटतो. तपासणी सैल न करता तो माणसाचा श्वास मोकळा करतो. शंका बहुधा एखाद्या बाबीपुरतीच असते, तिच्यासाठी अख्खं बिल कशाला अडवून ठेवायचं? पण या सूचना केंद्राच्या खात्यांसाठी आहेत. साक्रीच्या पंचायत समितीतल्या कामाला त्या आपोआप लागू होत नाहीत. राज्याने आणि जिल्हा परिषदांनी त्या आपल्या म्हणून स्वीकारल्या पाहिजेत.

मोठ्या कामांची गोष्ट निराळी. महामार्गाच्या चौपदरीकरणात फागणे ते तरसोद आणि तरसोद ते चिखली हे टप्पे आपण वर्षानुवर्षं रखडताना पाहिले, पण निदान तिथे पर्यवेक्षणाला स्वतंत्र अभियंता असतो आणि राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने २०२० पासून आपला कारभार ‘डेटा लेक’ नावाच्या प्रणालीवर नेला आहे. उद्योग लहान असेल तर पैसे ४५ दिवसांत मिळावेत असा २००६ चा कायदाही आहे, पण बांधकामाच्या ठेक्याला तो लागू होतो की नाही यावर न्यायालयांत वाद झाले आहेत आणि गावातला ठेकेदार त्याच्या भरवशावर बसू शकत नाही.

आता दुसरा उशीर, पैसे नसल्याचा. कोणी म्हणेल, तिजोरीच रिकामी असेल तर तुमची डिजिटल नोंद काय करणार? जलजीवन मिशनमध्ये हेच झालं. १५ ऑगस्ट २०१९ला योजना जाहीर झाली, २०२४ पर्यंत घरोघरी नळ द्यायचा होता. खान्देशात गावोगाव टाक्या उभ्या राहिल्या, जलवाहिन्यांसाठी गल्ल्या खोदल्या गेल्या. २०२४-२५ साली केंद्राची ७० हजार कोटींची तरतूद सुधारित अंदाजात सुमारे २२ हजार ७०० कोटींवर आली, आणि २०२५च्या अर्थसंकल्पात योजनेची मुदत २०२८ पर्यंत वाढवली. खाली ठेकेदारांची बिलं थांबली. मापं झालेली होती, सह्या झालेल्या होत्या, पैसे नव्हते.

अशा वेळी नोंदीचा उपयोग नाही असं मला वाटत नाही. उलट तेव्हाच तो सगळ्यांत जास्त. कुठल्या विभागात किती कामाची मापं झाली आणि किती देणं उभं राहिलं हा आकडा रोजच्या रोज दिसत असता, तर राज्याच्या माथ्यावर किती थकबाकी आहे यावर ठेकेदारांच्या संघटना एक आकडा सांगतात आणि मंत्री दुसरा, ही वेळ आली नसती. राज्याचं बजेट वाटप ‘बीम्स’ या प्रणालीतून होतं. मोजमाप पुस्तिका त्याला जोडली तर उभं राहिलेलं देणं आणि शिल्लक तरतूद शेजारी शेजारी दिसतील. आणि तरतूद संपली असेल तर नव्या कामाचा कार्यारंभ आदेश निघूच नये अशी आडकाठी तिथेच घालता येईल. निवडणुकीच्या तोंडावर नारळ फोडणाऱ्यांना ही आडकाठी आवडणार नाही. पण पैसे नसताना काम काढणं म्हणजे ठेकेदाराकडून आणि त्याच्या मजुरांकडून त्यांना न विचारता घेतलेलं कर्ज आहे.

सातपुड्यात याचा एक मोठा अनुभव आपल्याला येऊन गेला आहे, त्यातून शिकायला हवं. रोजगार हमीच्या कामावर, म्हणजे मनरेगात, हजेरीपट बंद झाल्यापासून १५ दिवसांत मजुरी द्यायचं बंधन होतं आणि उशीर झाला तर दिवसाला ०.०५ टक्के भरपाई. हजेरीपट, मजुरी, पैसे पाठवल्याचा आदेश, सगळं संकेतस्थळावर कोणालाही पाहता यायचं. अक्कलकुव्याच्या मजुराची काहीशे रुपयांची मजुरी कुठे आहे हे देशातला कोणीही माणूस पाहू शकत होता, आणि त्याच गावच्या ३० लाखांच्या रस्त्याचं बिल कुठे आहे हे मात्र आजही कोणाला पाहता येत नाही. म्हणजे तंत्र नाही ही सबब चालणार नाही.

पण त्याच योजनेत २०२३च्या जानेवारीपासून मोबाईल ॲपवर फोटोसह हजेरी सक्तीची झाली आणि धडगाव-मोलगीकडच्या पाड्यांवर, जिथे रेंजसाठी टेकडी चढावी लागते, तिथे मजूर कामावर असूनही हजेरी न लागण्याची भीती उभी राहिली. म्हणून मोजमापाचं ॲप रेंज नसतानाही माप घेणारं, तारीख-वेळ गोठवून ठेवणारं आणि रेंज मिळाल्यावर पाठवणारं असलं पाहिजे. हे नंदुरबारच्या डोंगरात चाललं तर कुठेही चालेल. तेव्हा चाचणी पुण्यात न घेता तोरणमाळच्या घाटात घ्यावी.

दुसरा धडा घड्याळाचा. मनरेगात आदेश वर गेला की विलंब मोजणं थांबायचं, मजुराच्या खात्यात पैसे पडेपर्यंतचे दिवस भरपाईत धरले जात नव्हते. स्वराज अभियान या संघटनेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली यावर सरकारला सुनावलं. बिलांच्या बाबतीत आपण हीच चूक होऊ देता कामा नये. घड्याळ बिल दाखल झाल्याच्या क्षणी सुरू व्हावं आणि पैसे बँकेत जमा झाल्यावरच थांबावं. त्यातले किती दिवस तपासणीचे आणि किती निधीचे, हे वेगळं दाखवावं.

नोंदीत आणखी एक माणूस यायला हवा, जो आज कुठल्याच कागदावर नाही. उपठेकेदार. काम एकाच्या नावावर, प्रत्यक्ष करणारा दुसरा, आणि त्याच्याकडे मजूर पुरवणारा मुकादम तिसरा. मूळ ठेकेदाराला पैसे मिळाले तरी खालच्याला मिळाले का, हे सरकारला ठाऊक नसतं आणि विचारलं तर ‘आमच्याकडे त्याच्या नावावर काम नाही’ असं उत्तर येतं. ते उत्तर कागदाला धरून असेलही, पण त्या माणसाने टाकलेल्या पाईपमधूनच गावाला पाणी येतं. प्रत्येक बिलातून बांधकाम कामगारांसाठी १ टक्का उपकर कापला जातो. ज्याच्या नावाने पैसे कापता त्याचं नाव त्याच बिलाला जोडा. कोणत्या मजुरांनी हे काम केलं आणि त्यांना मागच्या बिलातून मजुरी पोहोचली का, ही नोंद झाल्याशिवाय पुढचं बिल दाखल होऊ नये.

अधिकाऱ्यांच्या बाजूनेही एक गोष्ट बोलली पाहिजे. सही करायला ते कचरतात ते नेहमी लोभापायी नसतं. पाच वर्षांनी लेखापरीक्षणात आक्षेप निघाला तर वसुली सही करणाऱ्यावर येते, सही न करणाऱ्याला कोणी काही विचारत नाही. फाईल दाबून ठेवणं हा नोकरीत सर्वांत सुरक्षित मार्ग होऊन बसला आहे. जागेवरची, त्याच दिवसाची नोंद प्रामाणिक अभियंत्याचं पहिलं संरक्षण आहे. आणि न केलेल्या सहीचीही तारीख दिसू लागली तर गप्प बसणं तितकं सुरक्षित राहणार नाही. जिथे लोभ आहे तिथे उशीर हाच विकायचा माल आहे. बिलं दाखल झाली त्याच क्रमाने निघतील आणि क्रम मोडला तर कारण लिहावं लागेल, एवढ्या एका नियमाने त्या मालाची किंमत उतरेल. मात्र डिजिटल सहीचा डोंगल साहेबांच्या ऐवजी ऑपरेटरच्या ड्रॉवरमध्ये राहणार असेल, तर यातलं काहीच होणार नाही.

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्हा परिषदांनी मोठ्या प्रणालीची वाट न पाहता यंदाच्या पावसाळ्यानंतर, कामं पुन्हा सुरू व्हायच्या आत, एक गोष्ट करावी. प्रलंबित बिलांची यादी आपल्या संकेतस्थळावर टाकावी आणि दर सोमवारी ती नवी करावी. कामाचं नाव, बिल दाखल झाल्याची तारीख, रक्कम, आज बिल कोणाकडे आहे, आणि थांबण्याचं कारण, मापं, त्रुटी की निधी, एवढे रकाने पुरेत. सुरुवात बेरोजगार अभियंते आणि मजूर संस्थांच्या कामांपासून करावी. यासाठी नवा कायदा किंवा शासन निर्णय लागत नाही. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ नुसार अशी माहिती कोणी न मागता स्वतःहून प्रसिद्ध करणं त्यांच्यावर आजही बंधनकारक आहे.